ओढल्यावर धातू काय सांगतो? टेन्साइल टेस्टबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंधेरी-मरोळ, वागळे इस्टेट, रबाळे इथल्या गाळ्यांत जॉब करणारे, कळंबोली किंवा दारूखान्यातून माल उचलणारे, साइटवरचे इंजिनीअर आणि डिप्लोमाची मुलं हे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. टेन्साइल टेस्ट म्हणजे नमुना मशीनमध्ये धरून तुटेपर्यंत ओढणं आणि लोडसोबत तो किती लांबतो याचा आलेख काढणं. बहुतेकांची नजर रिपोर्टवरच्या एकाच आकड्यावर, म्हणजे यूटीएसवर (मटेरियल जास्तीत जास्त किती ताण पेलतं त्यावर) असते. मटेरियलची खरी माहिती मात्र पूर्ण आलेखात असते. तो आलेख विश्वासाचा आहे की नाही, हे नमुना कसा कापला, कसा धरला आणि किती वेगाने ओढला यावर ठरतं.

किती टनाला तुटलं ते कळलं की झालं. स्ट्रेस आणि स्ट्रेन कशाला काढायचे?

१२ मिमीची एक सळई ६८ किलोन्यूटनला तुटली आणि १६ मिमीची ११५ किलोन्यूटनला, तर कुठलं पोलाद जास्त ताकदीचं? लोड पाहिला तर दुसरं वाटेल. क्षेत्रफळाने भागून पाहा. पहिलीला ११३.१ चौ. मिमी म्हणजे ६०१ एमपीए (मेगापास्कल), दुसरीला २०१ चौ. मिमी म्हणजे ५७२ एमपीए. बारीक सळईचं पोलाद सरस निघालं. स्ट्रेस म्हणजे लोड भागिले मूळ क्षेत्रफळ. एक न्यूटन प्रति चौ. मिमी म्हणजेच एक एमपीए, त्यामुळे हिशोब सोपा जातो. स्ट्रेन म्हणजे लांबीतली वाढ भागिले मूळ लांबी, त्याला एकक नसतं. या दोन भागाकारांमुळे जॉबचा आकार हिशोबातून निघून जातो आणि मटेरियलचा गुण तेवढा उरतो.

आलेख कसा वाचायचा? एखादं उदाहरण द्या.

साध्या एमएसचा (माइल्ड स्टीलचा) १० मिमी व्यासाचा गोल नमुना घ्या. क्षेत्रफळ ७८.५ चौ. मिमी, गेज लेंथ, म्हणजे लांबण मोजण्यासाठी खुणा केलेली लांबी, ५० मिमी. आकडे साधारण असे येतील.

सुरुवातीला रेघ सरळ चढते. या भागात लोड काढला तर नमुना मूळ लांबीवर परत येतो. २२ किलोन्यूटनच्या आसपास, म्हणजे २८० एमपीएला, लोड चढायचा थांबतो, थोडा खालीही येतो, पण नमुना लांबतच राहतो. हा यील्ड. लोहात विरघळलेले कार्बन आणि नायट्रोजनचे अणू स्फटिकातल्या डिसलोकेशनना (अणूंच्या रचनेतल्या रेषेसारख्या दोषांना) अडकवून ठेवतात. ती पकड सुटली की सरकणं एकदम सुरू होतं, म्हणून वरचा आणि खालचा असे दोन यील्ड दिसतात. पॉलिश केलेल्या नमुन्यावर या वेळी साधारण ४५ अंशात पट्टे उमटलेले डोळ्यांनाही दिसतात.

पुढे वर्क हार्डनिंग होतं, म्हणजे धातू ताणताना कडक होत जातो, आणि लोड पुन्हा चढतो. ३४.५ किलोन्यूटन हा सर्वांत मोठा लोड, म्हणजे यूटीएस ४३९ एमपीए. तोवर नमुना सगळीकडे सारखा लांबत असतो. त्यानंतर एका जागी गळा पडतो, पुढची सगळी लांबण त्या गळ्यातच होते आणि २५ किलोन्यूटनला तुकडा पडतो.

इथे हमखास प्रश्न येतो, की तुटायच्या आधी पोलाद कमजोर झालं का? नाही. आपण शेवटपर्यंत मूळ क्षेत्रफळानेच भागतो म्हणून रेघ खाली झुकते. तुटल्यावर गळ्याचा व्यास ६.२ मिमी भरला, तर तिथलं क्षेत्रफळ ३०.२ चौ. मिमी, आणि शेवटच्या क्षणी तिथला खरा स्ट्रेस ८२८ एमपीएच्या घरात होता. दोन्ही तुकडे जुळवून गेज लेंथ ६५.५ मिमी आली तर एलाँगेशन (एकूण लांबण) ३१%, आणि क्षेत्रफळातली घट ६१.५%. ही घट रिपोर्टमध्ये अनेकदा वगळलेली असते. आमच्या मते ती मागून घ्यावी. पोलादातली घाण आणि आतल्या चिरा तिच्यात लवकर उघड होतात.

शाफ्ट लोडखाली वाकतो. एमएसऐवजी ईएन २४ (जास्त ताकदीचं मिश्र पोलाद) वापरला तर वाकणं कमी होईल?

होणार नाही. हा गैरसमज फार महाग पडतो. लवचिक हद्दीत किती वाकेल हे यंग मोड्युलसवर (आलेखाच्या सुरुवातीच्या सरळ भागाच्या उतारावर) ठरतं, आणि एमएस, ईएन ८, ईएन २४, हार्डन केलेलं असो वा नसो, सगळ्यांचा मोड्युलस २०० ते २१० जीपीएच (एक जीपीए म्हणजे १,००० एमपीए) असतो. महाग पोलाद घेतल्याने यील्ड वर जातो. म्हणजे शाफ्ट कायमचा वाकायला जास्त लोड लागेल, पण त्याच लोडखाली तो तेवढाच झुकेल.

झुकणं कमी करायचं तर व्यास वाढवा किंवा बेअरिंगमधलं अंतर घटवा. कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. २५ मिमीचा शाफ्ट ३० मिमी केला की तो दुपटीहून थोडा जास्त कडक होतो, वजन मात्र १.४४ पटच होतं. ॲल्युमिनियमचा मोड्युलस सुमारे ७० जीपीए आहे, म्हणून त्याच मापाचा भाग पोलादाच्या जवळपास तिप्पट झुकतो, मग त्याची ग्रेड कितीही ताकदीची असो.

आमच्या आलेखात यील्ड दिसतच नाही. टेस्ट चुकली का?

बहुधा नाही. ॲल्युमिनियम, तांबं, स्टेनलेस ३०४, कोल्ड ड्रॉन बार यांत तो ठळक थांबा नसतोच, रेघ हळूहळू वळते. अशा वेळी ०.२% प्रूफ स्ट्रेस काढतात. स्ट्रेनच्या अक्षावर ०.००२ ला खूण करा, तिथून सुरुवातीच्या सरळ भागाला समांतर रेघ ओढा, ती आलेखाला जिथे छेदेल तो आकडा घ्या. म्हणजे इतका स्ट्रेस दिल्यावर ०.२% कायमची लांबण राहते.

मात्र त्यासाठी सुरुवातीचा उतार अचूक हवा. उतार चुकला की समांतर रेघही चुकते आणि प्रूफ स्ट्रेसचा आकडा खाली-वर होतो.

जुन्या डायल मशीनवर काटा थबकला की यील्ड, असं धरतात. एमएसला ते चालतं. ३०४ ला काटा थबकत नाही, आणि ऑपरेटर अंदाजाने आकडा लिहितो. ३०४ च्या रिपोर्टवर यील्ड असेल आणि एक्स्टेन्सोमीटरचा (नमुन्यावरच लावून लांबण मोजणाऱ्या उपकरणाचा) उल्लेख नसेल, तर तो आकडा कसा काढला ते आधी विचारा.

एक्स्टेन्सोमीटर लावलाच पाहिजे का? मशीन आपोआप क्रॉसहेडची (नमुना ओढणाऱ्या आडव्या तुळईची) हालचाल दाखवतं.

वरच्या उदाहरणात यील्डपर्यंतची लांबण किती होती? २८० भागिले २,००,००० गुणिले ५० मिमी, म्हणजे ०.०७ मिमी. तेवढ्या वेळात जॉ (नमुना धरणारे दातेरी जबडे) नमुन्यात रुतण्यात, मशीनचे खांब ताणले जाण्यात आणि चुड्या (आटे) बसण्यात क्रॉसहेड याच्या कितीतरी पट सरकलेला असतो. त्यावरून मोड्युलस काढला तर पोलादाचा २०० ऐवजी ३०-४० जीपीएसुद्धा येतो. मोड्युलस आणि प्रूफ स्ट्रेससाठी एक्स्टेन्सोमीटर लागतोच, तोही किमान क्लास १ चा, म्हणजे १% पर्यंतच चुकणारा. फक्त यूटीएस आणि तुटल्यानंतरचं एलाँगेशन हवं असेल तर त्याच्याशिवाय भागतं.

तो लावताना सुरीच्या धारा घट्ट बसल्या आहेत का ते पाहा. रबर बँड सैल असेल तर आलेखात पायऱ्या दिसतात. आणि नमुना तुटण्याआधी एक्स्टेन्सोमीटर काढायला विसरू नका, नाहीतर झटक्याने उपकरण जातं.

टीएमटी सळई लेथवर टर्न करून टेस्ट केली तर?

करू नका. टीएमटीची बाहेरची कडा टेम्पर झालेल्या मार्टेन्साइटची, म्हणजे कडक पोलादाची, असते आणि गाभा मऊ असतो. बाहेरचा थर उतरवला की ताकदच उतरवली, आणि चांगली सळई नापास होते. सळई जशीच्या तशी पूर्ण छेदाने ओढायची.

रिब असल्यामुळे व्हर्नियरने व्यास मोजून उपयोग नाही. क्षेत्रफळ वजनावरून काढतात: किलोमधलं वजन भागिले (०.००७८५ गुणिले मीटरमधली लांबी). समजा ६०० मिमीचा तुकडा ०.५२० किलो भरला, तर क्षेत्रफळ ११०.४ चौ. मिमी, म्हणजे मीटरला ०.८६७ किलो. १२ मिमीचं नाममात्र वजन ०.८८८ किलो आहे. फरक सुमारे २.४%, आणि लॉटला १२ ते १६ मिमीसाठी ५% पर्यंत सूट आहे. तुकड्याची टोकं काटकोनात कापलेली हवीत, तिरकी टोकं लांबी मोजताना फसवतात. गंज असेल तर वजन करण्याआधी वायर ब्रश मारा. पावसाळ्यात उघड्यावर पडलेल्या मालाला तर हे हवंच.

यील्ड ५९० आलं, तरी एफई ५००डी मध्ये नापास का?

कारण सळईच्या या ग्रेडला आयएस १७८६ या भारतीय मानकानुसार केवळ किमान ५०० यील्ड पुरत नाही. यूटीएस प्रत्यक्ष यील्डच्या किमान १.१० पट, आणि ५६५ एमपीएपेक्षा कमी नको. एलाँगेशन किमान १६%, आणि कमाल लोडला असलेली एकूण लांबण किमान ५%. यील्ड ५९० आणि यूटीएस ६३० असेल तर गुणोत्तर १.०७ च येतं. दोन्ही आकडे दिसायला दणदणीत, पण सळई नापास.

यामागे भूकंपाचा विचार आहे. एका जागी यील्ड झालेल्या सळईने वर्क हार्डनिंगमुळे पुढचा लोड पेलला, तर यील्ड आजूबाजूला पसरतं आणि सांधा बराच वाकून ऊर्जा शोषतो. गुणोत्तर कमी असेल तर सगळी लांबण एकाच तड्याच्या तोंडाशी साचते आणि सळई तिथेच तुटते. साइटवर 'जास्त यील्ड म्हणजे जास्त चांगलं' असं ऐकू आलं, तर हे गुणोत्तर दाखवा.

नमुना कापताना काय बिघडतं?

बरंच काही, आणि वादाची बहुतेक मुळं इथेच सापडतात. प्लेटमधून गॅस कटिंगने नमुना काढला तर कडेचा भाग तापून बदलतो. गॅसने कापायचंच असेल तर माप ऐसपैस ठेवा आणि तापलेली कड मशीनिंगने पूर्ण काढून टाका. बँडसॉने कापलेलं उत्तम. पत्र्याचा नमुना शिअरवर कापला तर कडेला वर्क हार्डनिंग होतं आणि एलाँगेशन घटतं, म्हणून कडा मिलिंग करून घ्या.

गोल नमुन्यात बारीक भाग आणि जाड टोक यांच्यामध्ये गोलाई हवी. तिथे टूलची धार लागून खाच पडली की नमुना तिथूनच जातो. बारीक भागावर टूलच्या आडव्या रेषा नकोत, शेवटचा एमरी पेपर लांबीच्या दिशेने फिरवा. वाकलेला नमुना हातोड्याने सरळ केलात तर तुम्ही त्याला आधीच यील्ड केलेलं असतं.

गेजच्या खुणा पंचने मारायच्या तर हलक्या हाताने. कास्ट आयर्न किंवा हार्डन केलेल्या पोलादावर पंच नकोच, मार्किंग ब्लू लावून बारीक रेघ ओढा. आणि प्लेटवर रोलिंगची दिशा कापण्याआधी लिहा, कापल्यावर ती कळत नाही.

मशीन जोरात चालवलं तर आकडे वाढतात म्हणे. खरं का?

खरं आहे. वेगाने ओढलं की यील्ड वर जातो, एमएसमध्ये जास्तच. टेन्साइल टेस्टच्या आयएस १६०८ मानकात म्हणूनच वेग बांधून दिला आहे. लोडच्या वेगाने चालवायचं तर पोलादासाठी लवचिक भागात सेकंदाला ६ ते ६० एमपीए. १० मिमीच्या नमुन्याला हे सेकंदाला साधारण ०.५ ते ४.७ किलोन्यूटन होतात. ॲल्युमिनियमसारख्या कमी मोड्युलसच्या धातूला २ ते २० एमपीए. स्ट्रेनच्या वेगाने चालवणारं मशीन असेल तर यील्ड काढताना सेकंदाला ०.०००२५, आणि यील्डनंतर ०.००६७ पर्यंत वाढवता येतं.

हायड्रॉलिक यूटीएमवर (टेस्टच्या मशीनवर) नेहमी होणारी गोष्ट म्हणजे यील्डला काटा थांबला की ऑपरेटर व्हॉल्व्ह आणखी उघडतो. त्या क्षणी नमुना आधीच वेगाने लांबत असतो, वर आपण वेग आणखी वाढवला, की खालचा यील्ड फुगून येतो. काटा थांबला तर थांबू द्या.

शून्य कधी करायचं तेही इथेच सांगतो. नमुना एका टोकाला धरलेला असताना शून्य करा, दुसरं टोक आवळल्यावर नाही. आवळताना आलेला लोड शून्य करून टाकला तर तेवढी चूक प्रत्येक आकड्यात राहते.

आलेख मध्येच खाली पडून पुन्हा चढतो. हा यील्ड का?

अशी दातेरी रेघ दिसली तर आधी जॉ तपासा. दातांत स्केल (पोलादावरची काळी खपली) भरली की नमुना घसरतो. वायर ब्रशने दात साफ करा, नमुना जॉच्या जवळपास पूर्ण लांबीत धरा आणि व्यासाला योग्य जॉ लावा. घसरण्याच्या खुणा नमुन्याच्या टोकावर ओरखड्यांसारख्या दिसतात. ओरखडे नसतील तर मग यील्डचा विचार करा.

त्याच सळईचं एलाँगेशन एका लॅबमध्ये ३१% आणि दुसरीकडे २५.५% कसं?

गेज लेंथ वेगळी असणार. सारखी लांबण २०% आणि गळ्यातली जादा लांबण ५.५ मिमी धरा. ५० मिमी गेजवर १० अधिक ५.५, म्हणजे १५.५ मिमी, ३१%. १०० मिमी गेजवर २० अधिक ५.५, म्हणजे २५.५%. पोलाद तेच. म्हणून प्रमाणित गेज लेंथ ५.६५ गुणिले क्षेत्रफळाचं वर्गमूळ अशी ठेवतात, गोल नमुन्याला ती व्यासाच्या पाचपट होते. पत्र्याला ५० किंवा ८० मिमीची ठरावीक गेज असते. रिपोर्टवर गेज लेंथ लिहिलेली नसेल तर एलाँगेशनची तुलना करू नका.

नमुना गेजच्या खुणेला लागून तुटला तरी आकडा कमी येतो. तुटलेली जागा जवळच्या खुणेपासून गेजच्या किमान एक तृतीयांश अंतरावर असावी. तसं नसूनही एलाँगेशन पुरेसं आलं तर नमुना पास धरता येतो, नाहीतर दुसरा नमुना घ्या.

तुटलेल्या तोंडावरून काय कळतं?

एका बाजूला वाटी आणि दुसरीकडे शंकू, मध्ये करडा तंतुमय भाग: हे भरपूर लांबणाऱ्या (डक्टाइल) पोलादाचं नेहमीचं तुटणं. गळ्याच्या आत बारीक पोकळ्या तयार होऊन जुळतात आणि शेवटची कड ४५ अंशात कातरली जाते. गळा अजिबात नाही आणि तोंड सपाट, दाणेदार, चकचकीत: ठिसूळपणा. वेल्डच्या नमुन्यात मधोमध छिद्र किंवा कण आणि भोवती चमकदार गोल दिसला तर हायड्रोजनचा संशय घ्या, इलेक्ट्रोड ओला होता का ते विचारा. जूननंतर मुंबईत उघड्या पाकिटातले लो हायड्रोजन इलेक्ट्रोड न भाजता वापरले की हे हमखास दिसतं.

कास्ट आयर्न ओढायला कच्चं, मग मशीनच्या बेडला कसं चालतं?

ग्रे कास्ट आयर्नमधले ग्रॅफाइटचे पातळ पापुद्रे ओढताना चिरांसारखे वागतात, दाबताना मिटून राहतात. एफजी २०० या ग्रेडला ओढून २०० एमपीए मिळतात, दाबून त्याच्या तीन-चार पट. बेडवर मुख्यतः दाबच येतो, शिवाय ग्रॅफाइट कंपनं शोषतं.

भांड्यांसाठी डीप ड्रॉइंगचा पत्रा आहे. यूटीएस पाहू की एलाँगेशन?

दोन्ही पुरे पडत नाहीत. 'एन' आणि 'आर' मागा. एन म्हणजे वर्क हार्डनिंगचा घातांक. तो जास्त असेल तर ताण पसरतो आणि पत्रा एका जागी पातळ होत नाही. आर म्हणजे रुंदीतला स्ट्रेन भागिले जाडीतला स्ट्रेन. तो जास्त असलेला पत्रा जाडीत लवकर घटत नाही. नमुने रोलिंगच्या दिशेला ०, ४५ आणि ९० अंशांत कापा. तिन्ही आर फार वेगळे आले तर भांड्याच्या काठाला कान निघणार आणि ट्रिमिंगमध्ये माल जाणार.

नायलॉनच्या गिअरचा रिपोर्ट जानेवारीत चांगला, जुलैत वाईट. मोल्डरने मटेरियल बदललं का?

आरोप करण्याआधी नमुन्यातला ओलावा पाहा. नायलॉन ६ हवेतलं पाणी शोषतं. कोरडं असताना मोड्युलस ३ जीपीएच्या आसपास, ओलावा घेतल्यावर १ जीपीएच्या जवळ येऊ शकतो, आणि लांबण मात्र भरपूर वाढते. म्हणून २३ अंश सेल्सिअस आणि ५०% आर्द्रतेत नमुना ठेवून मगच टेस्ट करायची, किंवा मोल्डिंगनंतर लगेच हवाबंद पिशवीत घालून 'कोरडा' असं लिहून पाठवायचा. कुठल्या अवस्थेत टेस्ट केली ते रिपोर्टवर नसेल तर दोन आकड्यांची तुलनाच होत नाही.

टेन्साइलमध्ये पास झालेला बोल्ट वापरात तुटला. असं कसं?

टेन्साइल टेस्ट एकदाच, हळू आणि खोलीच्या तापमानात ओढते. वापरात तसं नसतं.

लोड पुन्हा पुन्हा येत असेल तर फटीग, म्हणजे वारंवारच्या लोडने येणारा थकवा. गुळगुळीत पोलादी नमुन्याची फटीगची मर्यादा यूटीएसच्या साधारण निम्मी असते. चुड्या, की-वे, खडबडीत पृष्ठभाग ती आणखी खाली ओढतात. आणि खाऱ्या दमट हवेत, म्हणजे आपल्या किनाऱ्यावर, पोलादाला अशी सुरक्षित मर्यादा धरताच येत नाही. तुटलेल्या तोंडावर शिंपल्यासारख्या कमानी दिसल्या तर हेच कारण.

झिंक प्लेटिंग केलेला १०.९ किंवा १२.९ ग्रेडचा बोल्ट आवळल्यावर काही तासांनी किंवा दिवसांनी आपोआप तुटला, तर ॲसिड पिकलिंग आणि प्लेटिंगमध्ये शिरलेला हायड्रोजन. साध्या टेन्साइलमध्ये तो बहुतेक वेळा दिसत नाही, कारण हायड्रोजनला ताणाच्या जागी जमायला वेळ लागतो. प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत १९० ते २२० अंशांवर काही तास भाजणं हा उपाय, आणि प्लेटिंगवाल्याकडून त्याची वेळ लेखी घ्यावी.

झटका आणि थंडी असेल तर चार्पी टेस्ट (लोलकाच्या एका फटक्याने नमुना तोडणारी) लागते: १० × १० × ५५ मिमीचा नमुना, मध्ये २ मिमी खोल व्ही खाच. सतत उष्णता असेल तर क्रीप, म्हणजे लोडखाली सावकाश लांबत जाणं. धातूच्या केल्व्हिनमधल्या वितळणबिंदूच्या ०.४ पटीवर तो जाणवू लागतो. शिसं ६०० केल्व्हिनला वितळतं, म्हणून ते खोलीच्या तापमानातही सावकाश ओघळतं.

नमुना कापायला जागा नाही. हार्डनेसवरून यूटीएस चालेल?

अंदाजासाठी चालेल. साध्या पोलादाला ब्रिनेल (हार्डनेसचं एक माप) आकडा गुणिले ३.४५, १५० ब्रिनेलला साधारण ५२० एमपीए. यील्ड आणि एलाँगेशन यातून कळत नाही. स्टेनलेस आणि कास्ट आयर्नला हे गणित लावू नका.

रिपोर्ट हातात आल्यावर आधी काय पाहायचं?

हीट नंबर (पोलादाच्या एका वितळणीचा क्रमांक) आणि नमुन्याची खूण तुमच्या मालाशी जुळते का. मग मूळ माप, गेज लेंथ, टेस्टचा कोड, मशीनच्या कॅलिब्रेशनची तारीख आणि क्लास. क्लास १ म्हणजे लोडमध्ये १% पर्यंत फरक, त्यामुळे ४१० च्या मर्यादेला ४०८ आणि ४१२ या दोन रिपोर्टवरून भांडू नका, फेरतपासणी करा. मशीनची क्षमताही पाहा. १०० टनी यूटीएमवर मोठ्या रेंजमध्ये ६ मिमीची तार ओढली असेल तर तो लोड कॅलिब्रेट केलेल्या पट्ट्यात होता का, हे विचारायला संकोच नको.

तुटलेले तुकडे टाकून द्यायचे का?

निकालावर दोन्ही बाजूंच्या सह्या होईपर्यंत नाही. तुटल्याबरोबर तोंडांचे फोटो काढा, एलाँगेशनसाठी तुकडे जुळवायच्या आधी, कारण जुळवताना तोंडं घासून खुणा पुसल्या जातात. बोट लावू नका. हलकं गंजरोधक तेल लावून प्रत्येक तुकडा वेगळ्या पिशवीत, सिलिका जेलसोबत ठेवा. मुंबईच्या हवेत उघडं पोलादी तोंड रात्रीतून तांबूस होतं, मग मायक्रोस्कोपखाली गंजच दिसतो. पिशवीवर हीट नंबर, तारीख आणि नमुन्याचा क्रमांक लिहा. टोकावर पेंटने लिहिलं तर तेल लागून पुसलं जातं, म्हणून नंबरचा पंच जॉने धरलेल्या टोकावर मारा.